दोनशे चोवीसचे दोन तृतीयांश

२२४ चे दोन तृतीयांश किती? पाटीवर करा, कागदावर करा, नाहीतर मोबाइलवर करा, उत्तर एकच येईल. १४९ पूर्णांक एक तृतीयांश.

हे गणित मी माझ्या नोकरीच्या काळात दरवर्षी दहावीच्या वर्गात घालत असे, आणि तेही नागरिकशास्त्राच्या तासाला. मुलं गोंधळायची. "सर, आज गणिताचा तास नाही," असं कुणीतरी म्हणायचंच. मी म्हणायचो, आधी उत्तर काढा, मग गोष्ट सांगतो. गोष्टीच्या आशेनं मुलं काहीही करतात, भागाकारसुद्धा!

ती गोष्ट आहे ५ सप्टेंबर १९७० या दिवसाची. वार शनिवार. स्थळ दिल्ली, संसदेचं वरिष्ठ सभागृह म्हणजे राज्यसभा. त्या दिवशी सभागृहापुढे एक घटनादुरुस्ती विधेयक होतं, संस्थानिकांचे तनखे बंद करण्याचं. बाजूनं मतं पडली १४९, विरोधात पडली ७५. बेरीज २२४. आणि विधेयक पडलं.

साध्या हिशेबानं पाहिलं तर जवळजवळ दुप्पट मतं बाजूनं, आणि तरी हार! पण राज्यघटना बदलायची तर साधं बहुमत पुरत नाही. कलम ३६८ प्रमाणे सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त मतं हवीत, आणि शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश तरी बाजूनं हवेत. पहिली अट सहज पुरी झाली होती. दुसऱ्या अटीला एक तृतीयांश मत कमी पडलं.

एक तृतीयांश मत! एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला होता, "सर, एक तृतीयांश माणूस कुठून आणायचा?" सगळा वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. माणसं पूर्णांकातच येतात, त्यामुळे १५० मतं लागणार होती.

आता आणखी थोडं गणित करू. बाजूनं मत देणारा एक सदस्य जास्त आला असता, तर मतं पडली असती २२५, त्याचे दोन तृतीयांश बरोबर १५०, विधेयक मंजूर. विरोधातल्या ७५ पैकी एक जण घरी राहिला असता, तर मतं २२३, त्याचे दोन तृतीयांश १४८ पूर्णांक दोन तृतीयांश, म्हणजे १४९ पुरले असते. आणि विरोधातल्या एकानं मत फिरवलं असतं तर प्रश्नच नव्हता. तीन वाटा होत्या, आणि प्रत्येक वाटेवर एकच माणूस पुरला असता. "माझ्या एकट्याच्या असण्या-नसण्यानं काय होणार आहे?" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हा हिशेब सांगत आलो आहे.

पण मुळात हे तनखे होते काय? आजच्या पिढीला हा शब्दही नवा वाटेल, म्हणून थोडं मागे जावं लागेल.

इंग्रज गेले तेव्हा देशात साडेपाचशेहून अधिक संस्थानं होती. सरदार पटेल आणि व्ही. पी. मेनन यांनी ती भारतात विलीन करून घेतली. आपल्याकडची सांगली, मिरज, औंध, फलटण, भोर, जत वगैरे दक्षिणेतली संस्थानं ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात आली, कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी आलं. राज्य, खजिना, फौजफाटा सोडून देण्याच्या बदल्यात राजांशी करार झाले, आणि त्यांना दरवर्षी ठरावीक रक्कम देण्याचं भारत सरकारनं कबूल केलं. हाच तनखा. तो करमुक्त होता. राज्यघटनेच्या कलम २९१ मध्ये त्याची हमी होती आणि कलम ३६२ मध्ये संस्थानिकांच्या मानमरातबाची.

रकमांची गंमत पाहण्यासारखी आहे. म्हैसूरच्या महाराजांना वर्षाला २६ लाख रुपये, आणि काठेवाडातल्या कटोडिया नावाच्या चिमुकल्या संस्थानच्या धन्याला वर्षाला १९२ रुपये. महिन्याला १६ रुपये पडले! दोघेही घटनेच्या दृष्टीनं 'राज्यकर्ते'च.

१९७० पर्यंत सगळ्या तनख्यांची मिळून वार्षिक रक्कम पाच कोटींच्या आत आली होती. करारांप्रमाणे पुष्कळ ठिकाणी वारसाला कमी रक्कम मिळत असे, त्यामुळे ती आपोआप उतरत चालली होती. म्हणजे सरकारी तिजोरीला फार मोठा भार होता असं नव्हे. पण प्रश्न रकमेपेक्षा तत्त्वाचा झाला होता. प्रजासत्ताकात काही माणसांना निव्वळ जन्मामुळे सरकारातून पैसे, करमाफी, तोफांची सलामी आणि मोटारीवर वेगळी पाटी का म्हणून? हा एक पक्ष. आणि देशानं लेखी दिलेला शब्द पंचवीस वर्षंही पाळायचा नाही का? हा दुसरा पक्ष. सरदारांनी घटना समितीत सांगितलं होतं की राजांनी जे सोडलं त्याच्या मानानं ही किंमत काहीच नाही.

तनखे बंद करण्याच्या मागणीत मराठी माणसाचा हात होता, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. जून १९६७ मध्ये अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या बैठकीत मोहन धारिया यांनी तशी उपसूचना मांडली, आणि फार थोडे सभासद हजर असताना ती मंजूर झाली. हजेरीचा महिमा तेव्हाही होताच! पुढे संस्थानिकांशी वाटाघाटी करण्याचं अवघड काम आलं ते गृहमंत्री यशवंतराव चव्हाणांकडे. देवराष्ट्रे गावचा, शेतकऱ्याच्या घरचा मुलगा एका बाजूला, आणि ध्रांगध्राच्या महाराजांसारखे संस्थानिकांचे पुढारी दुसऱ्या बाजूला. दोन-अडीच वर्षं बोलणी झाली, पण तोडगा निघाला नाही. नोव्हेंबर १९६९ मध्ये काँग्रेस फुटली, इंदिरा गांधींचं सरकार अल्पमतात आलं आणि डाव्या पक्षांच्या व द्रमुकच्या आधारानं चाललं. मे १९७० मध्ये चोविसावं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत आलं. २ सप्टेंबरला लोकसभेनं ते दोन तृतीयांश बहुमतानं मंजूर केलं, आणि तीनच दिवसांनी ते राज्यसभेत आलं.

लोकसभेत जे जमलं ते राज्यसभेत का जमलं नाही? याचं उत्तर त्या सभागृहाच्या रचनेत आहे. राज्यसभा कधी विसर्जित होत नाही. सदस्याची मुदत सहा वर्षं, आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. त्यांना निवडून देतात राज्यांच्या विधानसभा. १९६७ च्या निवडणुकीत पुष्कळ राज्यांत काँग्रेसची सत्ता गेली होती, त्याचं प्रतिबिंब राज्यसभेत पडत होतं. त्यात काँग्रेसच फुटलेली. संघटना काँग्रेसचे श्यामनंदन मिश्र तिथे विरोधी पक्षनेते होते. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघही विधेयकाच्या विरोधात होते.

त्या वेळी राज्यसभेचे अध्यक्ष होते उपराष्ट्रपती गोपाल स्वरूप पाठक, आणि उपाध्यक्ष होते आपल्या चांद्याचे बॅरिस्टर भाऊराव खोब्रागडे, रिपब्लिकन पक्षाचे नेते. ज्या समाजाला संस्थानी काळात दरबाराच्या पायरीवरही थारा नव्हता, त्या समाजातला माणूस राजांचा न्याय करणाऱ्या सभागृहाचा उपाध्यक्ष होता. इतिहास कधी कधी असा न बोलता बोलतो.

आणखी एक योग. ५ सप्टेंबर हा डॉ. राधाकृष्णन यांचा जन्मदिवस, म्हणून शिक्षक दिन. आणि डॉ. राधाकृष्णन हे राज्यसभेचे पहिले अध्यक्ष! १३ मे १९५२ रोजी हे सभागृह पहिल्यांदा भरलं, तेव्हापासून दहा वर्षं ते त्या आसनावर होते. त्यांच्या वाढदिवशी त्यांच्या सभागृहानं देशाला एक धडा दिला असं मी वर्गात म्हणत असे.

मी तेव्हा वीस वर्षांचा, सांगलीला बी.ए. करत होतो. गणपतीचे दिवस होते. खाणावळीतल्या रेडिओवर बातमी आली आणि आम्हा मुलांत एकच गलका झाला. आम्ही बहुतेक सगळे तनख्यांच्या विरुद्ध. एका मतानं विधेयक पडलं म्हणून काहीजण राज्यसभेलाच शिव्या देऊ लागले. "हे म्हाताऱ्यांचं सभागृह हवंय कशाला?" असं एकजण ताट आपटून म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की रात्रीतून चित्र पालटलं आहे.

झालं असं, की विधेयक पडल्यावर त्याच दिवशी मंत्रिमंडळाची बैठक झाली. घटना बदलता येत नाही ना, मग घटनेतल्याच एका कलमाचा आधार घ्यायचा असं ठरलं. कलम ३६६, पोटकलम २२ प्रमाणे राष्ट्रपती ज्याला मान्यता देतील तो 'राज्यकर्ता'. मग राष्ट्रपतींनी ती मान्यताच काढून घेतली तर? राज्यकर्ताच उरला नाही, तर तनखा कुणाला द्यायचा! राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी तेव्हा हैदराबादला होते. तिथे त्यांची सही घेण्यात आली. एकाच मसुद्याचे आदेश, फक्त नाव आणि गाव वेगळं. दिवसा संसदेत जे मिळालं नाही ते रात्री एका सहीनं मिळालं.

मी सुट्टीत घरी आटपाडीला गेलो तेव्हा वडिलांशी यावर बोलणं झालं. आटपाडी पूर्वी औंध संस्थानात. वडील संस्थानच्या कचेरीत कारकून होते, विलीनीकरणानंतर मुंबई सरकारच्या नोकरीत आले. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी म्हणजे त्यांचं दैवत. या राजानं १९३९ मध्येच, गांधीजींच्या सल्ल्यानं, आपल्या हातानं राज्यकारभार लोकांच्या पंचायतींकडे सोपवला होता. सूर्यनमस्काराचा त्यांचा आग्रह तर प्रसिद्धच आहे. वडिलांनी ते सारं डोळ्यांनी पाहिलेलं. मला वाटलं होतं, ते राजांची बाजू घेऊन माझ्यावर चिडतील.

ते चिडले नाहीत. सुपारी कातरत शांतपणे म्हणाले, "तनखे जायला हवेत. आमचा राजा तर राज्य देऊन मोकळा झाला, त्याला तनख्याचं काय कौतुक? पण लिहून दिलं होतं ना? मग परत घ्यायचं तेही लिहूनच घ्यायला हवं. चार लोकांसमोर."

मी म्हणालो, "अहो अण्णा, पण राष्ट्रपतींची सही म्हणजे लिहूनच झालं की."

"ते लिहिणं वेगळं," वडील म्हणाले. "खरेदीखत रद्द करायचं तर खरेदीखतच करावं लागतं. तलाठ्याला सांगून उताऱ्यावरचं नाव खोडून चालत नाही."

सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाचं हे वाक्य. तीन महिन्यांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं पुष्कळ पानं लिहून जो निकाल दिला, त्याचं सार मला तर यापेक्षा फार वेगळं दिसत नाही.

ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे आणि इतर काही संस्थानिक न्यायालयात गेले होते. शिंद्यांचं मूळ गाव आपल्या सातारा जिल्ह्यातलं कण्हेरखेड. माधवराव तेव्हा पंचविशीतले. संस्थानिकांच्या बाजूनं नानी पालखीवाला उभे राहिले. ११ न्यायमूर्तींचं पीठ बसलं आणि १५ डिसेंबर १९७० रोजी निकाल लागला. नऊ विरुद्ध दोन अशा मतांनी राष्ट्रपतींचा आदेश बेकायदेशीर ठरला. मान्यता देण्याचा अधिकार हा वारस ठरवण्यासाठी, वाद मिटवण्यासाठी आहे. साऱ्या संस्थानिकांची मान्यता एका फटक्यात काढून ती संस्थाच मोडून टाकण्यासाठी तो नाही. घटनेनं दिलेली हमी घटना न बदलता कारभाराच्या आदेशानं पुसता येणार नाही, असा त्याचा अर्थ.

पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश हिदायतुल्ला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले, नागपूरलाच वकिली केलेले आणि तिथल्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झालेले. पुढे १९७९ मध्ये ते उपराष्ट्रपती झाले आणि म्हणून राज्यसभेचे अध्यक्षही. ज्या सभागृहाच्या नकाराचा मान त्यांच्या निकालानं राखला, त्याच सभागृहाच्या आसनावर ते पाच वर्षं बसले.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. निकालानंतर बाराव्या दिवशी, २७ डिसेंबर १९७० रोजी, लोकसभा मुदतीआधी एक वर्ष विसर्जित झाली. मार्च १९७१ च्या निवडणुकीत 'गरिबी हटाओ'च्या घोषणेवर इंदिराबाईंना ३५२ जागा मिळाल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, बांगलादेशच्या युद्धाच्या धामधुमीत, सव्विसावी घटनादुरुस्ती दोन्ही सभागृहांनी मंजूर केली. या वेळी राज्यसभेनंही होकार दिला. कलमं २९१ आणि ३६२ गेली, आणि २८ डिसेंबर १९७१ पासून तनखे व संस्थानिकांची मान्यता कायमची संपली. पडलेल्या विधेयकाचा चोविसावा क्रमांक मात्र दरम्यान दुसऱ्याच एका दुरुस्तीला मिळाला होता.

म्हणजे ५ सप्टेंबर १९७० पासून जवळजवळ १६ महिने लागले. मुलं विचारायची, "सर, शेवटी तेच झालं ना? मग राज्यसभेनं अडवून काय मिळवलं?"

हाच खरा प्रश्न आहे, आणि वरिष्ठ सभागृह हवं की नको या वादाचा गाभाही हाच आहे. माझं उत्तर असं. तनखे जाणं योग्यच होतं, हे माझं मत विसाव्या वर्षी होतं आणि आजही आहे. पण जे झालं 'तेच' झालं असं मला वाटत नाही. रात्रीच्या आदेशानं तनखे गेले असते, तर उद्या कुठल्याही सरकारला घटनेतली कुठलीही हमी व्याख्येचं कलम वापरून रद्द करण्याची वाट सापडली असती. आज राजाचा तनखा, उद्या कुणाचं आरक्षण, परवा कुणाची भाषा. १६ महिन्यांनी ते गेले ते लोकांपुढे निवडणुकीला जाऊन, दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं मिळवून, घटनेच्या पानावर लिहून. अण्णांच्या भाषेत, खरेदीखत करून.

आणि एक बारकावा लक्षात घ्या. साध्या विधेयकावर दोन सभागृहांत मतभेद झाला, तर संयुक्त बैठक बोलावता येते आणि तिथे लोकसभेचं संख्याबळ भारी पडतं. अर्थविधेयकात तर राज्यसभेला १४ दिवसांत शिफारशी करण्यापलीकडे काही करता येत नाही. पण घटनादुरुस्तीला संयुक्त बैठक नाही. तिथे दोन्ही सभागृहं अगदी बरोबरीची. म्हणजे घटनाकारांनी राज्यसभेला खरा नकाराचा अधिकार दिला तो नेमका घटनेच्या बाबतीत. राज्यसभेनं तो नंतरही वापरला आहे. १९७८ मध्ये जनता सरकारच्या घटनादुरुस्ती विधेयकातली पाच कलमं तिनं गाळली. १९८९ मध्ये पंचायत राज आणि नगरपालिकांची दोन विधेयकं राज्यसभेत थोडक्यात पडली, आणि पुढे १९९२ मध्ये अधिक विचारानं त्र्याहत्तरावी आणि चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती होऊन आली. आज आपल्या ग्रामपंचायतीत ज्या सरपंचबाई बसतात, त्यांच्या खुर्चीमागेही असा एक नकार आहे!

त्या दिवशीचा नकार शुद्ध हेतूनं दिला गेला होता, असा माझा दावा नाही. ७५ जणांत काहींना दिल्या शब्दाची चाड असेल, काहींना इंदिराबाईंचा पराभव पाहायचा असेल, काहींना संस्थानिकांची ऊठबस सांभाळायची असेल. पण संस्थांची गंमत हीच आहे. माणसं नाना कारणांनी मत देतात, आणि नियम मात्र एकच हिशेब करतो. १४९ पूर्णांक एक तृतीयांश.

कोरेगावकडे जाताना कधीतरी वाकडी वाट करून औंधला जाऊन या. टेकडीवर यमाईचं देऊळ आहे आणि त्याच टेकडीवर बाळासाहेबांनी उभारलेलं चित्रसंग्रहालय आहे. एका राजानं काय सोडलं आणि मागे काय ठेवलं, ते तिथे पाहता येतं. आणि मुलं बरोबर असली तर त्यांना वाटेत २२४ चे दोन तृतीयांश विचारा. बघा किती जणांना येतं ते.